खिडक्या लावून

माझ्या पोराचं मनगट मी मोडलं. लोखंडी बत्त्याने, एका घावात, भर दुपारी, त्याच्याच स्वयंपाकघरात. नागपूरला आमच्या कॉलनीत ही गोष्ट तीन तऱ्हांनी सांगतात आणि तिन्हीत मी एकतर देवी असते नाहीतर कैदाशीण. म्हणून म्हटलं, मीच सांगावी. गोडगोड सांगता येणार नाही, आधीच सांगते. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला सिस्टर होते. तिथे फुटलेली डोकी आणि जळालेल्या सुना यायच्या, गोड बोलायला फुरसत कुणाला होती?

यतीन माझा एकुलता एक. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, कुठल्याशा बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. बायको शिवांगी पुण्याची. तीही इंजिनियर, पण नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, म्हणून नोकरी करायची परवानगी नाही. मुलगी अनिका पाच वर्षांची. २००६च्या मेमध्ये मी सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेले. सामानात मेतकूट, मुगवड्या, आणि शिवांगीने मुद्दाम मागवलेला लोखंडी खलबत्ता. विमानतळावर कस्टमवाल्याने बत्ता दोनदा हातात तोलून बघितला होता.

आठव्या दिवशी मला दिसलं. शिवांगी वरच्या कपाटातून पोह्यांचा डबा काढत होती आणि बाही वर सरकली. दंडावर चार बोटं, मागच्या बाजूला अंगठा. कडेने पिवळं, मध्ये हिरवट. म्हणजे वळ दहा-बारा दिवसांचा, मी यायच्या आधीचा. दुसऱ्या दंडावर मात्र निळाजांभळा, ताजा. तो कालचा. मी घरात असतानाचा. असले वळ मी डोळे मिटूनसुद्धा ओळखीन. बायका म्हणायच्या जिन्यावरून पडले, आणि जिन्याला पाच बोटं असायची.

आणि मी काय केलं? तिच्या हातातून डबा घेतला आणि म्हटलं, "कांदे पोहे करू की दडपे?"

हो, असंच म्हटलं. आता शिव्या द्या मला.

जूनमध्ये एका रविवारी सकाळी वरच्या मजल्यावर काहीतरी धाडकन आपटलं. मग दुसऱ्यांदा. मग शिवांगीचा आवाज, मग काहीच नाही. दहा मिनिटांनी दाराची बेल वाजली. बाहेर पोरगेलासा पोलीस उभा. म्हणाला, इथून नाइन वन वनला, पोलिसांच्या नंबरला, फोन आला आणि कट झाला, सगळं ठीक आहे ना? यतीन जिन्याच्या वर उभा होता, तोंड पांढरंफटक. शिवांगी मधल्या पायरीवर होती. माझं डोकं असल्या वेळी फार चालतं, जळो ते डोकं. मी म्हटलं, "कॉलिंग इंडिया. इंडिया कोड नाइन वन. वन प्रेस टू टाइम्स. मिस्टेक. सॉरी."

तो हसला. म्हणाला, या भागात असे फोन आम्हाला नेहमीच येतात. कागदावर काहीतरी खरडलं आणि गेला.

दार लावलं तसा यतीन धावत खाली आला आणि माझ्या गळ्यात पडला. "आई, वाचवलंस गं," म्हणाला. छत्तीस वर्षांचा घोडा, लहान पोरासारखा रडला. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याची नोकरी जाईल, ग्रीन कार्ड अडेल, सगळं बिऱ्हाड परत येईल, चार लोकांत तोंड कसं दाखवायचं, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. शिवांगी होती का माझ्या डोक्यात? नव्हती. ती मुकाट्याने वर निघून गेली आणि पुढे कितीतरी दिवस चहात साखर किती, याच्यापलीकडे माझ्याशी बोलली नाही.

जुलैतल्या एका शनिवारी मीच तोंड उघडलं. अनिकाच्या वर्गातल्या सगळ्या मुली शेतावर जाऊन ब्लूबेरी तोडून आल्या होत्या, आणि ही पोट्टी महिनाभर तेच घेऊन बसली होती. यतीन सकाळीच मित्राच्या, अतुलच्या गाडीतून क्रिकेट खेळायला गेला होता. दोनच्या आत येत नसे. गाडी दारात उभी.

"चल, जाऊन येऊ," मी शिवांगीला म्हटलं.

"तो मैल बघतो, आई."

"मैल?"

"गाडीचे. जाताना किती होते, आल्यावर किती झाले. किराण्याचं दुकान तीन मैल, लायब्ररी दोन. त्याच्यावर झालं तर विचारतो कुणाला भेटायला गेली होतीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघू दे त्याला काय बघायचंय ते! माझ्यासमोर हात उचलण्याची छाती नाही त्याची. मी आहे ना."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच बोलणं ऐकू आलं. मी असतानाच तर तो निळा वळ उठला होता.

तरी गेलो आम्ही. शेत घरापासून एकोणीस मैल. डोक्याएवढ्या झुडपांच्या रांगा, प्रत्येकाला घोसच्या घोस, आणि वरून ऊन मी म्हणत होतं. अनिका पुढे पळत होती. मी दोन तोडत होते आणि चार खात होते. शिवांगी झुडपाच्या पलीकडे होती, मला फक्त तिची बोटं दिसत होती.

"त्या दिवशी तुम्ही दार उघडलंत ना," ती पलीकडून म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, सुटले. आई नर्स आहेत. आईंनी बघितलंय."

माझ्या तोंडात बेरी होती. ती मी थुंकून टाकली.

"पुन्हा हात उचलला तर मी मध्ये पडेन," मी म्हटलं. "शपथ घेते."

"मध्ये पडू नका. फक्त खरं सांगा. एकदाच." तिचा आवाज अगदी शांत होता. "तो म्हणतो, पोलिसांत गेलीस तर अनिकाला मी ठेवीन आणि तुला पुण्याला धाडून देईन. माझ्याकडे नोकरी नाही, पैसे नाहीत, माझा पासपोर्ट कुठे आहे तेही मला माहीत नाही. माझ्या बाजूने एक माणूस बोललं तरच अनिका माझ्याकडे राहील. आणि घरात तुमच्याशिवाय माणूस कोण आहे?"

मी हो म्हटलं. देवाशपथ, मनापासून म्हटलं. आणि परतीच्या वाटेवर गाडीत बसल्या बसल्या पुन्हा खोटंच रचलं. खोड जाते का कुठे! म्हटलं, मैलांचं विचारलं तर सांगायचं, आईला ब्रिजवॉटरच्या देवळात नेलं होतं. अंतर साधारण तेवढंच पडतं. सुनेला शेतावर फिरायला बंदी असेल, सासूला देवळात न्यायला कोण अडवतंय? शिवांगीला पटलं. अनिकालाही पढवलं, डॅडीला शेताचं सांगायचं नाही. ब्लूबेरी दुकानातल्या. शेतावर बेरी भरून दिलेला पुठ्ठ्याचा खोका मी स्वतः कॉम्प्लेक्सच्या मोठ्या कचरापेटीत नेऊन टाकला.

संध्याकाळी अतुलकडे सगळ्यांचं मिळून जेवण होतं आणि गोड पदार्थ आमच्याकडे. शिवांगी म्हणाली, क्रंबल करते, म्हणजे एवढ्या बेरी एकदम संपतील. मी म्हटलं कर. कसला तो पदार्थ! शिऱ्यालासुद्धा याच्यापेक्षा जास्त अक्कल लागते. काचेच्या खोलगट भांड्यात बेरी ओतल्या, वर साखर, लिंबाचा रस, चमचाभर कॉर्नफ्लॉवर. दुसऱ्या वाडग्यात मैदा, ओट्स, ब्राउन शुगर आणि फ्रीजमधलं गार लोणी. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं ते बोटांनी चोळायचं, पण मळायचं नाही, भुगाच राहू द्यायचा. तो भुगा बेरींवर पसरला की झालं. ओव्हन तीनशे पंच्याहत्तर फॅरनहाइटवर, पाऊण तास. अनिकाने स्टुलावर उभं राहून भुगा पसरला, अर्धा जमिनीवर. मी ओट्यापाशी खलबत्त्यात वेलदोडे कुटत होते, म्हटलं त्या सपक गोडात निदान वेलची तरी पडू दे. शिवांगी हसली. दोन महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली असेल.

भांडं ओव्हनमध्ये जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. कडेने जांभळा रस खदखदायला लागला होता, घरभर लोण्या-साखरेचा वास. तेवढ्यात दार उघडलं. एक वाजायचा होता. मॅच लवकर संपली म्हणून यतीन लवकर आला.

"वा! काय वास सुटलाय," म्हणाला. बूट काढले, पाणी प्यायला. गाडीवरून होऊनच आत आला असणार, कारण ग्लास खाली ठेवता ठेवता म्हणाला, "अडतीस मैल. कुठे दौरा?"

"देवळात," मी म्हटलं. "मीच म्हटलं ने म्हणून. ब्रिजवॉटरला."

"अरे वा." तो खुर्चीवर बसला. "प्रसाद कुठाय?"

बघा, आयुष्यभर देवळात गेलेली बाई मी. रिकाम्या हाताने कधी घरी आले असेन? आणि खोटं रचताना नेमकं तेच विसरले. कपाळाला कुंकूसुद्धा नव्हतं.

"वाटेत खाल्ला," मी म्हटलं.

"काय होता?"

"शिरा," मी म्हटलं. आणि त्याच क्षणी शिवांगी म्हणाली, "लाडू."

यतीन हसला. हसूनच त्याने अनिकाला जवळ घेतलं. "अनिका बेटा, व्हॉट डिड बाप्पा गिव्ह यू?"

पोर आईकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. डोळे भरून आले तिचे. "आजी सेड डोन्ट टेल," ती म्हणाली.

"गुड गर्ल. गो अपस्टेअर्स. कार्टून बघ."

ती गेली. यतीन उठला. मला वाटलं आता ओरडेल. नाही ओरडला. सिंकवरची खिडकी ओढून लावली, खिटी घातली. मागच्या अंगणाचं काचेचं दार सरकवून बंद केलं. हॉलमधल्या दोन्ही खिडक्या लावल्या. एकेक, सावकाश. हॉलमधला टीव्ही लावून आवाज वाढवला.

रागाच्या भरात माणूस खिडक्या लावत नाही हो. खिडक्या लावतो तो सवयीने. आणि ही सवय त्याला कुणी लावली ते मला ठाऊक होतं. आमच्या सिस्टर क्वार्टर्सच्या भिंती पातळ होत्या. डबल ड्यूटी करून यायचे, पाय तुटलेले असायचे, यतीनने दप्तर फेकलेलं असायचं नाहीतर गणितात नापास. मी आधी खिडक्या लावायचे. मग रेडिओ मोठा करायचे. मग पट्टी, पट्टी मोडली की लाटणं, लाटणं सापडलं नाही तर हात. त्याचे वडील गुरुनाथराव, मुंगी चिरडली तरी हळहळणारा माणूस, बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. मी म्हणायचे, वळण लावतेय. बाईमाणसाने एकटीने पोर वाढवायचं म्हणजे हात उचलावाच लागतो म्हणायचे. नवरा बाहेर जिवंत बसलेला असताना म्हणायचे.

हे सगळं मला त्या खिडक्या लागेपर्यंत आठवलं. आणि मी जागची हलले नाही.

शिवांगी ओट्याला पाठ लावून उभी होती. "यतीन, फक्त बेरी तोडायला—" एवढंच म्हणाली. त्याने तिच्या कानाखाली मारली ती इतक्या जोरात की तिचं डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. मग वेणी हाताला गुंडाळली आणि दुसऱ्या हाताने पोटात. तिने आवाज केला नाही. ती शिकलेली होती आवाज न करायला.

"यतीन! सोड तिला, मेल्या!"

"आई, तू वर जा. हे आमच्यातलं आहे."

"मी आई आहे तुझी, सोड म्हणते ना!"

"तू खोटं बोललीस माझ्याशी," तो म्हणाला, आणि खरंच दुखावल्यासारखा म्हणाला. "हिने तुलासुद्धा शिकवलं."

तेवढ्यात ओव्हनची घंटा वाजली. शिवांगीची मान एका बाजूला वाकलेली, ओठातून रक्त, तरी तिचा हात सवयीने ओव्हनच्या हातमोज्यांकडे गेला. यतीनने मोजे उचलले आणि लांब फेकले.

"एवढी हौस आहे ना बेरीची? काढ. हाताने काढ."

त्याने ओव्हनचं दार उघडलं. गरम वाफ माझ्या तोंडापर्यंत आली. तिला मानेने खाली दाबलं, तिचं उजवं मनगट पकडलं आणि पंजा त्या तापलेल्या काचेच्या भांड्यावर टेकवला. टेकवून धरला.

तेव्हा ती ओरडली. पोटातून ओरडली. आणि लोण्या-साखरेच्या वासात दुसरा वास मिसळला. तो वास मी बर्न्स वॉर्डात वर्षानुवर्षं घेतला आहे, जेवताना हाताला यायचा तो.

बत्ता ओट्यावर माझ्या हाताशीच होता. वेलचीची सालं चिकटलेली होती त्याला. कुठे मारायचं याचा मला विचार करावा लागला नाही. त्याच्या मनगटाच्या वर दोन बोटं, जिथे हाड पातळ असतं तिथे. पूर्ण हात उचलून मारला. कडाक्‌ असा आवाज झाला, वाळकी काटकी मोडल्याचा. यतीनचा पंजा एका बाजूला लोंबला. तो मागे कोसळला, त्याच्या धक्क्याने भांडं जाळीवरून घसरून जमिनीवर फुटलं. उकळता जांभळा रस त्याच्या पायांवर, फरशीवर, पांढऱ्या कपाटांवर उडाला. तो गुरासारखा हंबरडा फोडत होता. मी बत्ता पुन्हा उचलला होता. हो, उचलला होता. दुसरा घाव डोक्यात घातला असता मी. शिवांगीने डाव्या हाताने माझी साडी ओढली, "आई, नको," म्हणाली, म्हणून थांबले. नाहीतर आज ही गोष्ट सांगायला मी तुरुंगात बसले असते.

मग माझ्यातली सिस्टर जागी झाली. शिवांगीचा हात गार पाण्याच्या नळाखाली धरला आणि म्हटलं, हलवायचा नाही. पंजाची कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती. मग यतीनपाशी बसले. दोन लाकडी उलथणी घेतली, टॉवेल फाडला, त्याच्या मनगटाला आधार बांधला. तो "आई गं, आई गं" करत होता. त्याच्या कपाळावरचा घाम मी पदराने पुसला. माझं पोर आहे ते. दुसरं काय करणार होते?

डाव्या हाताने त्याने खिशातला फोन काढला आणि नाइन वन वन दाबला. एकदम साफ इंग्रजीत बोलला. बायकोने हल्ला केला, मनगट मोडलं, गरम भांडं अंगावर फेकलं, घरात लहान मुलगी आणि म्हातारी आई आहे.

फोन ठेवून मला हळूच म्हणाला, "आई, नीट ऐक. शिवांगीने मारलं असं सांगायचं. तू मारलंस म्हणालीस तर तुला आत टाकतील, या वयात. मी तुला काही होऊ देणार नाही. तिला नेतील, अनिका आपल्याकडे राहील. तू सांभाळशील ना तिला? तू मला एकटीनेच वाढवलंस ना?"

हे तो प्रेमाने म्हणत होता. तीच तर वाईट गोष्ट. नळ चालू होता, तरी शिवांगीने सगळं ऐकलं असणार. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं नुसतं.

पोलीस आले ते दोघं. एक उंच माणूस आणि एक बाई. उंच पोलिसाने यतीनला विचारलं, यतीनने दुखणं सोसत सगळं सांगितलं, सभ्यपणे, सर, ऑफिसर करत. वर म्हणाला, जूनमध्येसुद्धा हिने उगाच तुम्हाला फोन लावला होता. पोलिसाने शिवांगीला विचारलं. तिला कापरं भरलं होतं, दात वाजत होते. शब्द फुटेना. पोलिसाने फुटलेलं भांडं बघितलं, जांभळ्या रसाने माखलेला यतीन बघितला, आणि शिवांगीला म्हणाला, मॅडम, नळापासून बाजूला या, हात मला दिसतील असे ठेवा. त्याचा हात कमरेच्या हातकड्यांकडे गेला.

बाई पोलिसाने मला विचारलं, तुम्ही काही बघितलं का? इंग्रजी येतं का?

यतीन म्हणाला, "शी डझन्ट स्पीक—"

माझं इंग्रजी बाजाराच्या कामाचंही नाही, ते खरं. पण एक इंग्रजी मला झोपेतून उठवलं तरी येतं. केसपेपरचं. बत्तीस वर्षं डॉक्टर सांगायचे आणि मी लिहायचे. फक्त बाईच्या कागदावर आम्ही नेहमी लिहायचो ॲक्सिडेंटल फॉल, कारण तिची सासू बाजूला उभी असायची.

मी हात मागे बांधले आणि मोठ्याने सांगितलं. "फीमेल. थर्टी-टू इयर्स. बर्न, राइट पाम, सेकंड डिग्री. हेड इंज्युरी, लेफ्ट साइड. ओल्ड ब्रूझेस, बोथ आर्म्स, चेक प्लीज. असॉल्ट बाय हजबंड. आय सॉ. ही इज माय सन."

"आई!" यतीन ओरडला.

मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "मेल. थर्टी-सिक्स इयर्स. फ्रॅक्चर, राइट रिस्ट. असॉल्ट बाय मदर. मी. आय डिड. शी डिड नॉट टच." आणि ओट्यावरचा बत्ता दाखवला. मग जूनचंही सांगितलं, फोन मिस्टेक नव्हता, मी पोलिसाशी खोटं बोलले.

बाई पोलिसाने सगळं लिहून घेतलं. उंच पोलिसाने शिवांगीच्या बाह्या वर करायला लावल्या. दोन्ही दंड बघितले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, आणि हातकडी घेऊन यतीनकडे वळला. मोडलेल्या हाताला घालता येईना, म्हणून डाव्या हाताला घातली आणि दुसरं टोक त्याच्या पट्ट्याला. यतीन माझ्याकडे बघत होता. शिव्या देईल वाटलं होतं. तो म्हणाला, "मी तुला वाचवत होतो, आई." आजही कधी दुपारी डोळा लागला की हे वाक्य ऐकू येतं मला. मी दचकून उठते, रडते, आणि तरीही म्हणते, जे केलं ते बरोबर केलं. दोन्ही खरं आहे.

शिवांगी माझ्या पाया पडली नाही, गळ्यात पडली नाही. का पडावं तिने? खुर्चीवर बसून पोलीसबाईंना सगळं सांगायला लागली. आता तिला शब्द सापडत होते. तिची मुलगी तिच्याकडेच राहील एवढं त्या बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, ते मला कळलं. पुढे कोर्ट झालं, वकील झाले, शिवांगी नोकरीच्या परवानगीसकट दुसऱ्या राज्यात गेली, ते सगळं मी इथे उगाळत नाही. तिचा पत्ता माझ्याकडे नाही. मागितलाही नाही.

अँब्युलन्सवाले आले तेव्हा मला जिन्यात अनिका दिसली. पाचव्या पायरीवर बसली होती, कठड्याच्या दांड्यांना धरून. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसतं. किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. फ्रॉकवर सकाळचे निळे डाग होते.

मी पायरीपाशी गेले. म्हटलं, "ये गं बाळा, संपलं सगळं." आणि तिच्या डोक्यावरून फिरवायला हात वर केला.

पोरीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि गुडघ्यात मान घातली. अंग चोरून बसली, श्वास धरून, मार बसायची वाट बघत. एवढासा जीव, क्वार्टरच्या खोलीत कोपऱ्यात यतीन बसायचा तस्सा.

माझा हात वरच राहिला. शिवांगी उठली, मला बाजूला सारून पुढे झाली, आणि भाजलेला हात लांब धरून दुसऱ्या हाताने तिने लेकीला उचलून घेतलं. मी हात खाली घेतला. पोलीसबाई माझ्यासाठीच थांबल्या होत्या, हातकडी हातात धरून, बिचाऱ्या जरा अवघडल्या होत्या. मी तोच हात त्यांच्यापुढे केला. त्या म्हणाल्या, दुसराही. मी दुसराही दिला.